हंबीरराव मगदुमांचं झुरळांवरचं औषध

मंगळवार पेठेत कुणाच्या घरात काही बिघडलं, की हंबीरराव मगदूम बोलावण्याआधी हजर. नळ गळतोय, इन्व्हर्टर बंद पडलाय, सून रुसून माहेरी गेलीय, सगळ्यावर त्यांच्याकडं इलाज. तो लागू पडला नाही तरी त्यांचं काही अडत नाही, कारण तोवर ते पुढच्या घरी पोचलेले असतात. पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर म्हणून उभी हयात काढलेला माणूस. त्यामुळं पंप, पाणी, वीज आणि इतरांचे संसार या विषयांत त्यांचा शब्द शेवटचा. एखादी गोष्ट फसलीच तर कारण एकच असायचं: "डोस कमी पडला."

आता असा माणूस घरात असताना त्याच्याच स्वयंपाकघरात झुरळं व्हावीत, हा झुरळांचा आगाऊपणाच म्हणायचा. मुलानं हौसेनं किचन ट्रॉल्या बसवून दिल्या होत्या. त्या माणसांपेक्षा झुरळांना जास्त आवडल्या. उबदार, अंधाऱ्या, शिवाय बिनभाड्याच्या. रात्री दिवा लावला की ओट्यावरून सगळी फौज पळायची, तीही निवांत, घरचीच असल्यासारखी.

आणि ती का राहत होती, हे घरात एकट्या हंबीररावांच्या बायकोला, तानाबाईंना, ठाऊक होतं. हंबीररावांचा नियम असा, की रविवारचा तांबडा रस्सा खरा लागतो तो सोमवारी. तोही फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. "फ्रीजमदी रस्सा मरतोय," असं त्यांचं शास्त्र. म्हणून पातेलं रात्रभर गॅसवर, डाव आतच, झाकण अर्धवट, आणि खरकटी ताटं मोरीत भिजत. झुरळांना याहून जास्त मानपान व्याह्यांच्या घरीसुद्धा मिळाला नसता.

तानाबाईंनी तोंड उघडलं नाही असं नाही. त्यांच्याकडं सुंद्री नावाची राखाडी भाटी, म्हणजे मांजरी, होती. गटारीच्या कडेला भिजलेलं पिल्लू म्हणून उचलून आणलेली, आता डेअरीवाल्याच्या पोरीसारखी गुटगुटीत. तिला इंजेक्शन द्यायला त्या जनावरांच्या दवाखान्यात गेल्या, तेव्हा महांतेश डॉक्टरांना त्यांनी झुरळांचंही विचारून घेतलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "डॉक्टर म्हणत्यात, फवारा मारू नका. मांजर फरशीवर चालतंय अन् पाय चाटतंय. रात्री मोरी कोरडी करा, खरकटं ठिवू नका, कचऱ्याला झाकण लावा. अन् जेल मिळतंय, त्याचा मोहरीएवढा ठिपका ट्रॉलीच्या बिजागरीत आत लावा, मांजराची जीभ पोचणार न्हाय असा."

"मोहरीएवढा?" हंबीरराव हसले. "झुरळास्नी काय कुंकू लावायचंय?"

मोरी कोरडी करणं हा त्यांच्या मते इलाजच नव्हता. ते बायकांचं काम. इलाज म्हणजे त्यात मर्दानगी पाहिजे, वास पाहिजे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळलं पाहिजे. त्यांनी आधी झुरळं मारायच्या खडूनं रेघा ओढल्या. झुरळं त्या रेघा ओलांडून रस्सा प्यायला गेली. मग चप्पल घेऊन मोहीम झाली. त्यात एक बरणी आणि दोन कप शहीद झाले. निष्कर्ष ठरलेला: डोस कमी पडला.

मग हंबीरराव बारशासाठी आजऱ्याला पुतण्याकडं गेले. पुतण्या आकाराम, काजूची बाग असलेला. तिथं काजूच्या मोहोरावर ढेकण्या नावाची कीड पडली होती आणि आकाराम पाठीवर पंप घेऊन फवारत होता. पंप बघितल्यावर हंबीररावांना दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. ढेकण्या पटापट गळताना त्यांनी पाहिला आणि तिथंच ठरवलं, की ढेकण्या मरतोय तर झुरळ काय चीज हाय.

"काका, ह्ये झाडावरचं औषध हाय," आकाराम म्हणाला. "घरात मारायचं न्हवं."

"झाडावर तुम्ही राहत न्हाईसा म्हणून काय झाडाला जीव न्हाय?" असं काहीतरी उत्तर देऊन काकांनी पंप मागितला आणि थोडं औषध कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून घेतलं. पुतण्या तरी किती बोलणार? काकाच ते.

आपल्याकडची ही गंमत बघा. आजारी माणसाला पाजतात ते औषध, आणि किडीवर मारतात ते विष, तेही औषधच. एका शब्दात दोन्ही कोंबून आपण निवांत. बाटलीवर खोपडीचं चित्र असतं तेवढंच काय ते वेगळं, आणि हंबीररावांच्या बाटलीवर तर संत्र्याचं चित्र होतं.

रविवारी दुपारी तानाबाई भजनाला गेल्या. हंबीररावांनी पाठीवर पंप चढवला, तोंडाला टॉवेल बांधला. जनावराची काळजी त्यांनी घेतली नाही असं कुणी म्हणू नये. सुंद्रीला उचलून गच्चीवर नेलं, दार लावलं. मग ट्रॉल्या, ओटा, मोरी, फरशी, सगळं औषधानं धुऊन काढलं. पाण्यात किती टाकायचं हे आकारामनं सांगितलं होतं, पण झुरळ ढेकण्यापेक्षा मोठं, या हिशोबानं त्यांनी हात सैल सोडला.

झुरळं मेली. इथं खोटं बोलून चालणार नाही. सुपलीभर मेली. हंबीररावांनी ती दारात ढीग करून ठेवली आणि गल्लीला बोलावून दाखवली. कुणी नाक धरून, कुणी लांबूनच बघितलं. "मोहरीएवढा ठिपका म्हणे," ते सगळ्यांना सांगत होते. आयुष्यात इतका मान त्यांना निवृत्तीच्या समारंभातही मिळाला नव्हता. तासाभरानं वास कमी झाला. वास गेला म्हणजे विष गेलं, हाही त्यांचाच शोध. त्यांनी गच्चीचं दार उघडलं.

सुंद्री खाली आली, ओलसर फरशीवरून मोरीपर्यंत गेली, कोपऱ्यातलं एक तडफडतं झुरळ पंजानं दोनदा उलथंपालथं केलं, आणि मग खिडकीत बसून मांजरं करतात ते करू लागली. एकेक पाय उचलून नीट चाटायचा.

तानाबाई परत आल्या तेव्हा तिच्या तोंडातून लाळ गळत होती. उभी राहायला गेली की मागचे पाय लटपटायचे. अंग थरथरत होतं. तानाबाईंनी एकदाच फरशीकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं, आणि पदरात भाटी गुंडाळून रिक्षाला हात केला. हंबीरराव मागून चढले. रिक्षात त्यांनी सुंद्रीच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिच्या अंगाबरोबर हलत होता. त्यांना भीती वाटली. साधी, सरळ भीती, आणि तिच्यावर त्यांच्याकडं काही इलाज नव्हता.

"काय झालं?" महांतेश डॉक्टरांनी विचारलं.

"औषध लागलं," हंबीरराव म्हणाले.

"कुणी दिलं? किती दिलं?"

"दिलं न्हाय. मारलं."

डॉक्टरांनी सुंद्रीच्या पंजाचा वास घेतला. मग त्यांनी विचारलं, "कशावर मारायचं औषध? नाव काय त्याचं? नाव कळलं तर उतारा देता येईल."

"ढेकण्याचं," हंबीरराव म्हणाले. ढेकण्याचं म्हणजे काही नाव नव्हे, हे आता हंबीररावांनाही कळलं. त्यांनी आकारामला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "काका, मागच्या साली उरलेलं अन् औंदाचं, दोन्ही एकत्र केलतं. नाव कुठलं सांगू?"

हंबीररावांनी फोन खाली घेतला. "मला म्हाईत न्हाय," ते म्हणाले. मंगळवार पेठेत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, आणि बोलायला सुचलं तेही जनावरांच्या दवाखान्यात.

डॉक्टरांनी सुंद्रीला साबणानं धुतलं, सलाईन लावलं, उबेत ठेवलं. तानाबाई आत तिच्याजवळ बसून होत्या. डॉक्टर बाहेर येऊन हंबीररावांना म्हणाले, "आजची रात्र गेली तर बघू. आणि घरी जाऊन आधी खिडक्या उघडा, हातात मोजे घालून फरशी, ओटा, भांडी सगळं साबणानं दोन-तीनदा धुवा. तोवर स्वयंपाकघरात कुणी जाऊ नका." हंबीरराव व्हय व्हय म्हणत होते आणि काचेतून भाटीकडं बघत होते. घरी येऊन त्यांनी ओलं फडकं एकदा इकडून तिकडं फिरवलं आणि आडवे झाले. तानाबाई उशिरानं आल्या, फरशी पुसलेली दिसली म्हणून तिथंच भाकरी थापायला बसल्या.

सकाळी हंबीरराव अंघोळ करून बाहेर आले तेव्हा तानाबाई फोनवर बोलत होत्या. त्यांनी फोन ठेवला. "खाल्लं म्हणं सुंद्रीनं. पायावर उभी ऱ्हातीया."

हंबीररावांना रडू आलं. टॉवेलात तोंड घालून ते रडले, आणि टॉवेल बाजूला करताकरताच पूर्ववत झाले. "म्हटलं न्हवतं मी? काटक हाय ती. आणि झुरळ एक तरी दिसतंय काय बघ घरात."

ट्रॉल्या आल्या तरी भाकरी तानाबाई खाली बसूनच करायच्या. फरशीवर शेगडी, पुढ्यात परात, एक पाय दुमडलेला. परातीतून उडालेलं पीठ पुन्हा पुन्हा तळहातानं फरशीवरून गोळा करून परातीत टाकायचं, ही त्यांची सवय. आत्ताही त्या तशाच बसल्या होत्या. थापलेली भाकरी परातीत तशीच होती.

"डॉक्टर इचारत होते, फरशी साबणानं धुतली काय म्हणून," त्या म्हणाल्या. "तोवर हितं कुणी जायाचं न्हाय, असं बी सांगितलंतं म्हणं तुमास्नी."

"फडकं मारलंय की मी."

"कालच्या भाकरी मी हितंच बसून केल्या. आत्ताच्या बी." त्यांचा आवाज चढला नव्हता. "भाटीचं झालं. आता मला कवा न्यायचं, तेवढं सांगा."

तानाबाई फरशीला हात न टेकता उठायला बघत होत्या, पण गुडघा साथ देईना. हंबीररावांनी पुढं होऊन हात दिला. तानाबाईंनी तो लगेच धरला नाही. आधी त्यांच्या तळहाताकडं नीट बघून घेतलं.