धगधग्याचा दहावा

रत्नागिरीत मी एका लायब्ररीचा बालविभाग सांभाळते. पुस्तकं गहाळ होतात, किस्से मात्र साठतच जातात! त्यातले निम्मे एकाच ड्रॅगनच्या मालिकेनं दिलेत. ड्रॅगनचं नाव धगधग्या. मुलं ती मालिका नुसती वाचत नाहीत हो, वाचून काहीतरी करून बसतात आणि धक्के आम्हाला!

*

आमचा वाचक सोहम, त्याच्या बाबांची हापूसची बाग. एप्रिलमध्ये त्यांना मुंबईच्या गिऱ्हाइकाचा फोन आला.

"अहो, पेटीत निळा आंबा निघालाय! त्यावर खवलेसुद्धा आहेत! औषध कसलं मारलंत?"

बाबांनी फोन ठेवून सोहमला हाक मारली. सोहम शांतपणे म्हणाला, "ते धगधग्याचं अंडं होतं. उबेला आढीत ठेवलं होतं. तुम्ही विकलंत कशाला?"

*

आठवीतली मुग्धा धगधग्याच्या या वाचक-टोळीची लेखिका. पुस्तकातले मंत्र तिला मिळमिळीत वाटले, म्हणून तिनं ते देवळातल्या गाऱ्हाण्याच्या चालीत नवे रचले. दर ओळीला साद देणं पोरांना पाठ!

त्यातच लायब्ररीच्या कार्यक्रमात आमचे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. "मुलांनी वाचलं पाहिजे..."

मागून एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

मी दचकले. अध्यक्षही थबकले, पण माणूस कोकणातला. "मोबाईलची इडापिडा टळली पाहिजे..."

"व्हय म्हाराजा!"

पाच मिनिटांत त्यांचा आवाज असा चढला की शेवटी त्यांनीच नारळ मागवला.

*

मग शेवटचा भाग आला आणि त्यात धगधग्या मेला! मालिका संपली. पोरं अशी रडली की मला वाटलं, खरंच कोणीतरी गेलं.

मुग्धा मात्र पुढची गोष्ट लिहायला बसली. अंडं फुटतं, पिल्लू बाहेर येतं... दर शनिवारी ती नवा तुकडा वाचायची आणि टोळी कान टवकारून ऐकायची. तेवढ्यात तिचा गणिताचा पेपर हाती आला, मार्क जेमतेम. तिचे बाबा बँकेत, हिशेबाला कडक. त्यांनी फर्मान काढलं, "दहावी होईपर्यंत लिहिणं बंद!"

मुग्धानं वही मिटली. शनिवारी यायची, कोपऱ्यात बसायची. मला फार वाईट वाटायचं, पण बापापुढे आपण काय बोलणार?

*

एका सकाळी पोरांनी मला भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं. मला वाटलं, सहल! सुरूच्या बनात बघते तर केळीचं पान, त्यावर भाताचा गोळा, शेजारी काळे तीळ.

"हे काय रे?"

"धगधग्याचा दहावा. जरा उशीरच झाला," सोहम म्हणाला.

 त्यात मुग्धाला न्यायला तिचे बाबा स्कूटरवरून हजर!

"हा काय अभद्रपणा!" ते कडाडले. मग त्यांची नजर पानावर गेली. "आणि पान असं ठेवतात? दक्षिणेकडे करा आधी!"

कावळा सुरूवर बसून होता. खाली येईना.

सोहम हात जोडून म्हणाला, "धगधग्या, तुझं अंडं आम्ही सांभाळू." कावळा ढिम्म. "तुला मारणाऱ्या दुष्ट राणीला सोडणार नाही!" कावळ्यानं चोच घासली. ऊन चढलं, लहान पोरं रडायला लागली.

मी म्हटलं, "चला आता घरी."

"अहो, असं कसं?" मुग्धाचे बाबाच म्हणाले. "कावळा शिवल्याशिवाय उठायचं नसतं. मेलेल्याची काहीतरी इच्छा अडकलेली असणार."

"काका," सोहम म्हणाला, "त्याची गोष्ट अर्धी राहिलीय."

सगळी पोरं बाबांकडे बघायला लागली. मुग्धा सोडून. ती खाली वाळूकडे बघत होती.

बाबांनी घसा खाकरला, चपला काढल्या, हात जोडले. "लिहील हो ती. मी आड येणार नाही."

कावळा सरळ पानावर उतरला आणि घास घेऊन उडाला!

 मुग्धाच्या बाबांनी आधी कावळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई," ते म्हणाले, "हा तुमच्या लायब्ररीचा मेंबर आहे काय हो?"