माळाची बाजू घेणारे साळवे सर

मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी साळवे सरांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "बाई, तुमच्याकडं घराच्या छपराला उतार केवढा असतो?" एवढंच विचारलं. मी हात तिरपा करून दाखवला. "म्हंजी कोकण. आन् तेबी घाटाच्या पायथ्याचं," असं म्हणून त्यांनी चहात आणखी एक चमचा साखर घातली आणि वर्गावर निघून गेले. मी कपाळावर हात मारला. पहिल्याच दिवशी हा असला माणूस गाठ पडावा!

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आमची शाळा शिरूर तालुक्यात, घोड नदीपासून थोडी आत. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला राग नको. मी चित्रकलेची शिक्षिका आणि मुळात कोकणातली. तिकडं महिन्यात संपणारी हिरव्या रंगाची ट्यूब इथं वर्षभर पुरायची. शाळेमागं मैलभर नुसता माळ. एखादी बोर, एखादा हिवर, बाकी सगळं पिवळं गवत. मी येताजाता नाक मुरडायची. "काय मेलं उजाड!" म्हणायची.

सर एकदा ते ऐकून थांबले. "बाई, तुम्ही इकडं एसटीनंच आलात ना? मग वाटेत काय काय बघितलंत?"

मी म्हटलं, झोपले होते.

"अरेरे! अर्ध्या जगावरनं आलात आन् झोपून आलात!" त्यांना खरंच वाईट वाटलं. मग त्यांनी माझाच प्रवास मला सांगितला. आधी खाडी, तिथं खाऱ्या पाण्यात पाय रोवून उभी तिवरं. मग घाटात पाऊस ओततो, म्हणून बारमाही हिरवं रान, आत ऊन शिरत नाही असं. घाट चढून आलं की पाऊस कमी होतो, मग उन्हाळ्यात पानं टाकून देणारी झाडं, साग वगैरे. पुण्याच्या पुढं ढग रिकामेच येतात, मग झाडं काटेरी होतात, विरळ होतात आणि गवताचं राज्य सुरू होतं. "पाऊस आन् ऊन हे दोघं घरमालक. झाड, जनावर, मासा, माणूस, आपण सगळे भाडेकरू. मालक जसा, तसा संसार मांडायचा." हे वाक्य ते वर्षातून शंभरदा म्हणत. पोरं पाठीमागं त्यांची नक्कल करत, आणि नापास होणारं पोरसुद्धा भूगोलात तेवढं लिहून पास होई.

शिकवायचे मात्र काय! बर्फाळ प्रदेश शिकवताना स्वतःच कुडकुडायचे. तिथं जमीन खालून कायमची गोठलेली, मग झाडानं मूळ घालायचं कुठं? म्हणून नुसतं शेवाळ. वाळवंटातली झाडं पानांचे काटे का करतात, हे शिकवायला निवडुंग घेऊन आले आणि दोन दिवस बोटं चोखत बसले. नदीचंही तेच. "कोकणातला मासा आपल्या घोड नदीत सोडा, चैत्रात मरंल. आपला मरळ बघा, डबकं आटलं तरी चिखलात वर तोंड काढून हवा घेतो. त्याला ठावं हाय, मालक उशिरा येणार." एक गोष्ट मात्र त्यांना जन्मात जमली नाही, ती म्हणजे नकाशा. त्यांची आफ्रिका म्हणजे फळ्यावर टांगलेलं वांगं. शेवटी मला दया आली आणि मी त्यांचे नकाशे काढून देऊ लागले. तिथून आमची दोस्ती.

भाद्रपदात त्यांनी मला मुलांबरोबर माळावर नेलं. गवत गुडघ्याच्या वर, वाऱ्यानं सगळं एका अंगाला लवलेलं. अगदी पायाखालून तितर उडाले आणि मी किंचाळले. सोपानआप्पा तिथं मेंढरं चारत होते. गावातल्या बाकीच्या धनगरांनी केव्हाच मेंढरं सोडून शेती धरली होती, आप्पांचं एकच घर उरलं होतं. "मास्तरीणबाई, भिऊ नगा, पाखरूच हाय," म्हणून हसले. घरी येऊन तास दीड तास मी पातळातली कुसळं काढत बसले. पण त्यानंतर मी माळाला उजाड म्हटलं नाही, हे खरं.

आणि मग वनीकरण आलं. दुष्काळात होरपळलेल्या लोकांना झाड म्हणजे देव वाटायला लागलं होतं, त्यात त्यांचं काय चुकलं? सरपंचांनी जाहीर केलं, सगळ्या माळावर चर खणायचे, झाडं लावायची, भोवती तारेचं कुंपण घालायचं, चराई बंद. आप्पा शाळेत आले. पायरीवरच बसले. "सर, माळ गेला तर म्या मेंढरं कुठं न्यावी? इकायचीच की मग." एवढंच बोलले.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. सर उठले आणि झाडांच्या विरोधात बोलले. भूगोलाचा मास्तर, आणि झाडांना नको म्हणतोय! लोक हसून हसून लोळायचे बाकी होते.

"सर," सरपंच म्हणाले, "झाडं लावली की पाऊस येतो. तुमच्याच पुस्तकात हाय."

"सरपंच, पाऊस येतो तिथं झाडं येत्यात. हा माळ म्हंजी मोडलेलं जंगल न्हाई. हा माळच हाय. आपल्या वाट्याला जेवढा पाऊस येतो, त्यात गवतच सुखानं नांदतं. त्या गवतावर मेंढरू, त्यात तितर, सशामागं लांडगा, सगळ्यांचा संसार हाय. तुम्ही वढ्याला झाडं लावा, बांधाला लावा, हिरीपाशी लावा. पाणी हाय तिथं लावा, पहिला खड्डा मी खणतो. माळ तेवढा सोडा."

"मास्तरला लांडग्याचं लई कौतुक!" मागून कुणीतरी ओरडलं. सर लाल झाले, पण खाली बसले नाहीत. आप्पांचे हात जोडलेलेच होते. शेवटी सरपंचांनी अलीकडच्या अर्ध्या माळावर झाडं लावायची आणि पलीकडचा अर्धा 'तूर्त' राहू द्यायचा, असं ठरवलं. त्या 'तूर्त'वर आप्पांची मेंढरं जगली.

मला वाटलं, सर आता झाडांकडं बघणारही नाहीत. कसलं काय! उन्हाळ्यात रोपं माना टाकायला लागली तेव्हा हाच माणूस सायकलला कळशी बांधून पाणी घालत होता. मी भडकले. "तुम्हाला नको होती ना झाडं? मग मरू द्या की!"

"बाई, नको होती ते लावणाऱ्यांना सांगितलं. रोपाशी काय भांडण? त्याला कुणी इचारून आणलंय?" कळशी संपली होती, ती उलटी करून त्यांनी शेवटचे थेंब झटकले. इतकं करूनही बहुतेक रोपं वाळलीच. चर खणलेल्या जागी गवतही धड आलं नाही. सरांनी कुणाला "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असं ऐकवलं नाही. मी असते तर गावभर ऐकवलं असतं.

सर गेले ते अगदी अचानक. सकाळी छातीत दुखलं, दौंडला न्यायला जीप काढली, वरवंडच्या अलीकडंच सगळं संपलं. माझा विश्वासच बसेना. आठ दिवस मला फळ्याकडं बघवत नव्हतं.

शोकसभेला शाळेचं पटांगण भरून गेलं. ग्रामसभेत हसलेली माणसं डोळे पुसत होती. सरपंच बोलायला उठले. मग त्यांनी कापडात गुंडाळलेलं एक रोप वर धरलं. म्हणाले, "सर म्हंजी गावाचा भूगोल. त्यांची आठवण कायम ऱ्हावी म्हणून आपण ऱ्हायलेल्या अर्ध्या माळावरबी झाडं लावू. सरांचं नाव देऊ. हे पहिलं रोप."

टाळ्या झाल्या. अहो, मनापासून झाल्या! त्या भल्या माणसाच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हतं. ज्यासाठी सर एकटे उभे राहिले, तेच त्यांच्या नावानं आम्ही मोडायला निघालो होतो. मी उठले.

पलीकडं सोपानआप्पा काठीवर जोर देऊन उभे राहत होते. त्यांचा मेंढरांचा प्रश्न होता, पण त्यांनी मेंढरांचं नाव काढलं नाही.

"सरपंच, सरांसाठी कायतरी करावं वाटतंय न्हवं तुमास्नी?"

"व्हय आप्पा. वाटतंय म्हणून तर..."

"मग माळावर काय करू नगा. तेवढंच करा."

सरपंचांनी हातातल्या रोपाकडं बघितलं. मग त्यांनी मान डोलावली आणि मला विचारलं, "बाई, शाळेच्या हिरीपाशी पाणी असतं का उन्हाळ्यात?"