बांबूचा गोल्फ सेट

आमच्या बाबांना साठी उलटल्यावर गोल्फ खेळायची हुक्की आली आणि ती भागवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मोबाईलवरून वस्तू मागवण्याची विद्या घरात मला एकटीलाच येते. बँकेत नोकरी करून कमावलेली हीच काय ती घरातली प्रतिष्ठा.

हुक्की म्हणते खरी, पण ती जुनी होती. बाबा घुग्घुसकडच्या एका कोळसा खाणीत डोझर चालवायचे. तरुणपणी एकदा त्यांना खाणीतून काढून कॉलनीमागच्या माळावर पाठवलं, कारण साहेब लोकांना गोल्फचं मैदान हवं होतं. उन्हाळाभर बाबांनी तिथे उंचवटे उभे केले, उतार पाडले, माती सारखी केली. मग तारेचं कुंपण आलं, गेट आलं आणि उद्घाटनाच्या दिवशी मैदान करणाऱ्यांना कुंपणाबाहेर उभं करून बुंदीचं एकेक पाकीट वाटण्यात आलं. त्या बुंदीबद्दल बाबा अजून बोलतात.

"बुंदी चांगली होती," ते म्हणतात. "गेटाच्या आत खाल्ली असती त अजून चांगली लागली असती."

बाबा निवृत्त झाले आणि काही वर्षांनी कंपनीला औदार्याचा झटका आला. निवृत्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना पडली: निवृत्त कामगारांनाही रविवारी सकाळी मैदानावर खेळता येईल, मात्र खेळाचं साहित्य स्वतःचं असावं आणि शर्टाला कॉलर असावी. सगळी मेख त्या ‘मात्र’मध्ये होती. दार उघडायचं आणि उंबरठा छातीएवढा बांधायचा, ही साहेबी रीत. ग्रुपवर साऱ्यांनी अंगठे दाखवले, दोघांनी हात जोडले, विषय संपला. बाबांनी तेवढी ती सूचना खरी मानली.

"मले त्या गेटातून खेळणारा म्हणून जावाचं हाये," ते मला म्हणाले. "एकदाच. मंग तुही माय म्हणन त रोज भाजी आणाले जाईन."

नव्या सेटच्या किमती पाहून मी मोबाईल पालथा ठेवला. तेवढ्यात आमच्याकडे जुनी मोटारसायकल येते, तीही चालू. मग जुन्या वस्तूंचं अ‍ॅप उघडलं. तिथे देशातले यच्चयावत साहेब फक्त दोनदा गोल्फ खेळून थांबले होते, असं दिसलं. एकाकडे नुसती बॅग होती, काठ्या ‘लवकरच’. एकाने हॉकीची काठी लावली होती. विचारलं तर म्हणाला, वाकडी तर आहे ना. एकाच्या जाहिरातीत ‘भांडणातही उपयोगी’ असं लिहिलं होतं. त्या सगळ्यांत मला तोच काय तो प्रामाणिक वाटला.

बाबा चष्मा लावून फोटो पाहत, पण काठ्यांकडे नाही, मागच्या घराकडे. "जुनं घेताना मशीन नाई पाहाव, मालकाचं घर पाहाव. ज्याची चादर मळकी, तो काठ्या काय पुसत असन?"

शेवटी स्वच्छ चादर सापडली. फिकट पिवळी, इस्त्रीची, तिच्यावर चमचमत्या काठ्या ओळीने मांडलेल्या. विकणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, ‘सेट हलका आहे, उचलायला सोपा.’ किंमत आमच्या ऐपतीत बसत होती, तरी रीत म्हणून मी घासाघीस केली. बाई इतक्या पटकन कबूल झाल्या, की शंका यायला हवी होती. मी स्वतःच्या हुशारीवरच खूश होते.

पार्सल आलं ते जेमतेम छत्रीएवढं. सेट लहान मुलांचा होता. फोटोत माप कळत नाही, हे बँकेत गहाणाचे कागद तपासणाऱ्या मला सुचलं नव्हतं. नीट पाहिलं असतं, तर त्या चादरीवरची बदकं दिसली असती. सहा फुटी बाबांनी काठी जमिनीला टेकवली आणि धानाच्या रोवणीला वाकावं तसे वाकले. आई पदर तोंडाला लावून हसत राहिली. मी बाईंना रागारागाने मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं, ‘फोटो तर खरेच होते ना?’ मला रडू यायचंच बाकी राहिलं. बाबांनी एकेक काठी पुसून परत खोक्यात ठेवली, ते जास्त लागलं.

हसून झाल्यावर आईच म्हणाली, "लहान हायेत त दांडे बदला. कुऱ्हाडीचा दांडा बदलते का नाई मानूस?"

आईचं माहेर एटापल्लीकडचं. पुढच्या खेपेला ती सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांची लाल धूळ खात, मांडीवर बांबूची मोळी घेऊन बसने परतली. बांबू सरळ, भरीव, एकाही गाठीला चीर नाही. बाबांनी काठ्यांची लोखंडी डोकी कापून बांबूला बसवली, तार आवळली आणि मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. मग परसात बेलफळं मारून सराव सुरू झाला. आईची वांग्याची दोन झाडं त्यात कामी आली. ती म्हणाली, "देशासाठी गेले."

पहिल्या रविवारी बाबा एकटेच गेले. जयंतीला घालतात तो कॉलरचा पांढरा शर्ट घालून, सेटसोबत आलेली बॅग खांद्यावर टाकून. तासाभरात परत आले.

"काऊन?" आईने विचारलं.

"बॅग पाहून गेटवाला म्हणे, तुमचे साहेब कुठी हायेत? मी म्हटलं, साहेब नाई, मीच हावो. तो हासून राह्यला." बाबांनी शर्ट काढून खुंटीला लावला. "घाम नाई आला, पुढच्या रविवारी चालन."

पुढच्या रविवारी मी सोबत गेले. ऊन होतं म्हणून गॉगल लावला, डोक्यावर बँकेच्या सहलीत मिळालेली टोपी. बॅग बाबा मला धरू देईनात. भांडायचं कसं, सूचना दाखवायची कशी, सगळं मी मनात घोकत होते.

काही लागलं नाही. गेटवाल्याने मला पाहिलं, टाच आपटून सलाम ठोकला आणि "या मॅडम" म्हणत गेट सताड उघडलं. मागून येणाऱ्या बाबांना म्हणाला, "भाऊ, बॅग शेडमंदी ठेवजा अन् झाडाखाली बसजा."

आम्ही आत होतो. समोर बाबांचे उंचवटे, फाटका झेंडा आणि चरणाऱ्या तीन गाई. साहेब औषधालाही नाही. सुटलो बुवा, असं वाटून मी झपाझप चालायला लागले. बाबा चार पावलं आले आणि थांबले. ज्यासाठी एवढा आटापिटा केला, त्या मैदानाकडे त्यांनी पाहिलंही नाही. वळले आणि गेटाबाहेर गेले.

"बाबा, आता कशाले?" मी मागे धावले.

"आताचं आत जानं धरू नोको," ते म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी बॅग माझ्या खांद्यावर अडकवली, माझ्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि गेटवाल्यापुढे उभे राहिले. "भाऊ, पुन्हा पाहा. खेळणारा मी. हे माही पोरगी. बॅग धराले आली."

गेटवाला माझ्याकडे पाहू लागला. मी गॉगल काढला आणि म्हणाले, "हो, मी बॅगवाली."

त्याचा हात हळूहळू कपाळाकडे गेला. रस्त्यातल्या कुत्र्याचीही ख्यालीखुशाली विचारणारे आमचे बाबा तो सलाम घेऊन, एक शब्द न बोलता, मान ताठ ठेवून आत चालू लागले. बॅग चांगलीच जड होती आणि बांबू माझ्या कानाला घासत होते. मी चार पावलं मागे राहून चालले.