बोक्या बारामतीला गेला

आमच्या घरातल्या दोन्ही मांजरांना मराठी उत्तम कळतं. फक्त मी बोललेलं कळत नाही. बायकोनं, म्हणजे शालननं, चुलीपासून नुसतं "खाली" म्हटलं की चिमी फ्रिजवरून आणि बोक्या माझ्या खुर्चीवरून टुणकन उतरतो. मी तेच म्हटलं, तर बोक्या अंग ताणून आणखी ऐसपैस होतो. (खुर्ची माझी आहे, पण तिची सातबाऱ्यावर नोंद नसल्यानं मला ते सिद्ध करता येत नाही!)

मागच्या महिन्यात शालन भाच्याच्या बारशाला पळसदेवला गेली. जाताना बजावलं, "दोन दिस हायत. मांजरं नीट संभाळा. बोक्याला कायबी झालं, तर मी तितंच ऱ्हाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे पेरू आमच्या कळस गावाहून बारामतीच्या मार्केट यार्डात जायचे होते. टेम्पो भरून झाला आणि बघतो तर शेवटच्या क्रेटात, पेरूंवर घातलेल्या रद्दीवर, बोक्या गाढ झोपलेला. मी म्हणालो, ऊठ. त्यानं एक डोळा उघडला. मी म्हणालो, अरे गाडी निघाली, ऊठ. त्यानं तोही मिटला. मग मी डोकं चालवलं. हा प्राणी माझ्या सांगण्याच्या बरोब्बर उलट वागतो ना? मग मी म्हणालो, "झोप बाबा. अजिबात उठू नकोस." आणि युक्तीवर खूश होऊन पुढं जाऊन बसलो. मागं ड्रायव्हर नामदेवनं ताडपत्री ओढली.

आयुष्यात पहिल्यांदा बोक्यानं माझं ऐकलं होतं!

यार्डात ताडपत्री निघाली आणि बोक्या गोळीसारखा सुटला तो थेट शेडच्या पत्र्याखालच्या लोखंडी अँगलवर. लिलाव थांबला. हमालांतल्या तात्यांनी लाडीगोडी लावली, कुणीतरी सुके बोंबील आणले. बोक्यानं बोंबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. मला पळसदेवला कायमची राहिलेली शालन आणि तव्यावर माझ्या हातची नकाशासारखी भाकरी दिसू लागली.

"वहिनीस्नी फोन लावा की," नामदेव म्हणाला.

"लावतो. आन् सांगू काय?"

तेवढ्यात आठवलं, शालन मोबाइलवर टाइप करत नाही, बोलून पाठवते. आवाज पूर्ण वाढवून मी सापडला तो मेसेज लावला. शेडभर घुमलं, "अवो, ऐकताय का? त्ये भोकाचं बनियन घालून मार्केटला जाऊ नका. चारचौघांत लाज जाती."

सगळा लिलाव माझ्या शर्टाकडे बघू लागला. (वरची दोन बटणं नेमकी त्याच दिवशी तुटली होती!) पण वर बोक्याचे कान ताठ झाले. दुसरा मेसेज लावला. त्यात मी भांडी घासली नसणार, असा अंदाज होता. बोक्या एक अँगल खाली आला.

"आनखी हायत का?" तात्या म्हणाले. "लावा लावा, उतरतंय त्ये."

होते की! कौतुकाचा एकही नव्हता, पण साठा भरपूर होता. माझं घोरणं, माझा हिशेबीपणा, माझ्या बहिणीचा स्वभाव, असं एकेक यार्डासमोर उलगडत गेलं आणि अखेर बोक्या क्रेटवर येऊन फोनला नाक लावून बसला. मी त्याला धरणार, एवढ्यात फोन वाजला. शालन!

"कुठं हाय तुमी?"

"घरी."

लिलाव करणाऱ्यानं नेमकी तेव्हाच पुन्हा आरोळी ठोकली.

"बोक्या कुठं हाय?"

"हितंच हाय की, जवळ."

"त्याला द्या फोन."

भर यार्डात मी मांजराच्या कानाला फोन लावला. बोक्यानं सुरुवातीपासून सगळं सांगितलं. मधे श्वाससुद्धा घेतला नाही. मग आवाज माझ्यासाठी आला.

"कळलं सगळं. त्याला म्होरं डायवरशेजारी बसवा. तुमी मागं क्रेटात बसून या."

बोक्या ऐटीत पुढं बसला. मी मागच्या फाळक्यावर पाय ठेवला, तेव्हा नामदेवला माझी दया आली. म्हणाला, "मालक, बसा की म्होरं. वहिनींनी फोन कवाच ठिवला."

मी बघितलं. फोन खरंच बंद झाला होता.

तरी मी मागंच बसलो.