तिसरी खुर्ची

पुंडलिकनगरचे सोमनाथराव शिंक आली तरी आधी यादी करणारे. हिमरूचं नक्षीदार कापड विणणाऱ्या रहीमचाचांशी ‘आपली ओळख’ या विषयावर कॅमेऱ्यासमोर गप्पा मारायला त्यांनी चाळीस प्रश्न आणि दोन खुर्च्या ठरवल्या. चाचा मात्र मागावरच अडून बसले.

“खुर्च्या तीन. मी खाली विणतो, माझा भाऊ याह्या वर बसून नक्षीचे दोरे ओढतो. अर्धी ओळख कशी सांगू, सोमनाथभाई?”

“चाचा, याह्याभाईंना जाऊन तीन वर्षं झाली!”

“व्हय. तवापासून त्यो चहा घेत नाय.”

मुलाखत हातची जाऊ नये म्हणून सोमनाथरावांनी यादीत तिसरी खुर्ची लिहिली. चाचांनी आडव्या धाग्याचा धोटा फेकला. याह्याभाईंची मागावरची रिकामी फळी करकरली आणि नक्षीचे दोरे आपोआप वर गेले.

सोमनाथरावांनी यादीत भर घातली: माइकही तीन.