भाऊंना सप्रेम भेट

“जाड दाखवा काका. आतमंदी काहीबी असलं तं चालते.”

काउंटरसमोर उभ्या तरुणाने पांढराशुभ्र शर्ट घातला होता. मोटारसायकल त्याने दुकानाच्या दारातच आडवी लावली होती. कोणत्या विषयावरचं पुस्तक हवं, असं मी विचारलं, तर तो माझ्यावरच वैतागला.

“विषय घेऊन काय करता? भाऊच्या हातात भरलं पायजे. फोटोत दिसलं पायजे.”

मेहकरच्या बसस्टँडजवळ माझं पुस्तकांचं दुकान आहे. आयुष्य याच धंद्यात गेलं. कुणी मागचं कव्हर वाचून पुस्तक घेतं, कुणी किंमत वाचून परत ठेवतं, दोन्हीची मला सवय आहे. पण भाजीसारखं हातात तोलून पुस्तक मागणारी गिऱ्हाइकं त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिली, आणि तीही रांगेने.

कारण भाऊंचा वाढदिवस होता. भाऊ म्हणजे आमच्या भागातले होऊ घातलेले पुढारी. कित्येक वर्षांपासून ते होऊच घातलेले आहेत. हार-तुऱ्यांची फॅशन गेली, असं त्यांच्या कानात कुणीतरी सांगितलं. लगेच चौकाचौकात बॅनर लागले: ‘हार नको, पुस्तक द्या. सर्व पुस्तके साखरखेर्डा येथील मुलींच्या अभ्यासिकेस भेट देण्यात येतील.’ बॅनरवर भाऊ चष्मा लावून पुस्तक वाचत होते. पुस्तक उलटं धरलेलं नव्हतं, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे.

अभ्यासिका खरी होती. समाजमंदिराची एक खोली, दोन सतरंज्या आणि एक ट्यूबलाइट. प्रज्ञा नावाची मुलगी ती चालवायची. बी.ए. झालेली, आई-वडील मजुरी करणारे. ती आणि तिच्यासोबतच्या आठ-दहा मुली पोलीस भरतीची तयारी करत होत्या. भरतीत आधी मैदानी चाचणी असते, म्हणजे धावणं आणि गोळाफेक. त्यात पास झालं तरच लेखी परीक्षा. मैदानी झाली होती, लेखीला दीडेक महिना उरला होता.

माझ्या दुकानात मागच्या बाजूला एक बाक आहे. तिथे कुणीही बसावं, काहीही वाचावं, घ्यायलाच पाहिजे असं नाही. सकाळी पेन्शनर येतात आणि पेपरातल्या बातमीवरून भांडतात. दहावीचा निकाल लागला की पोराला कोणत्या साइडला घालू, हे विचारायला बाप येतात. शिक्षकांना विचारायला त्यांना भीती वाटते, मला विचारायला वाटत नाही. या मुली आठवड्यातून दोनदा एसटीने यायच्या आणि भरतीची पुस्तकं बाकावर बसून वाचायच्या. त्यांच्याकडे स्वतःचं गणिताचं पुस्तक एकच होतं. ते ब्लेडने कापून त्यांनी त्याचे तीन भाग केले होते, तिघींना एकदम वाचता यावं म्हणून. पुस्तक कापलेलं मला सोसत नाही. त्या दिवशी मात्र मी त्यांना रागावू शकलो नाही.

बॅनर पाहून प्रज्ञा दुकानात आली.

“काका, लोकं भाऊले जाड-जाड चरित्रच देतीन. आमाले गणित पायजे, बुद्धिमत्ता पायजे, व्याकरण पायजे. तुमाले जमन तं पाहा. माही शेवटची भरती आहे. याच्यापुढं वय नाही बसत.”

मला जमलं, कारण कुणी पाहतच नव्हतं! पांढऱ्या शर्टाला मी अंकगणित बांधून दिलं. त्याच्या मागच्याला व्याकरण. सुलतानपूरकडचे माजी सरपंच बबनराव यांची गावातल्या शंकररावांशी जुनी चुरस. ते म्हणाले, “शंकररावानं नेलं त्याच्याहून जाड द्या.” त्यांना ‘महिला पोलीस भरती मार्गदर्शक’ दिलं. त्यांनी ते हातात तोललं आणि म्हणाले, “हाव, हे दणकट आहे.” नाव वाचायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

सगळे वाचून पाहायचे ते एकाच ठिकाणी. पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव लिहायची आपल्याकडे पद्धत आहे: ‘आदरणीय भाऊंना वाढदिवसानिमित्त सप्रेम भेट’, खाली देणाऱ्याचं नाव आणि पद. माझं अक्षर बरं, म्हणून बहुतेकांनी ते माझ्याकडूनच लिहून घेतलं. पुस्तकाचं नाव न वाचणारी माणसं स्वतःचं नाव दोनदा तपासायची. “‘माजी’ लहान झालं, मोठं करा” हे मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. एकाने तर सगळं पान भरेल एवढी सही केली आणि वर विचारलं, “भाऊ वाचतीन ना?”

भरतीचा सगळा स्टॉक संपला. बाकावरच्या प्रतीही मी बांधून दिल्या. पुस्तकं आठवड्यात मुलींच्याच हातात जाणार होती, मग माझ्याकडे ठेवून काय करायचं? होलसेलवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, नवी आवृत्ती छपाईला गेली आहे, वेळ लागेल.

वाढदिवस दणक्यात झाला. प्रज्ञाला स्टेजवर बोलावलं. भाऊंनी पुस्तकाचं एक पाकीट तिच्या हातात दिलं, फोटो झाला, टाळ्या झाल्या. ती पायऱ्या उतरत होती, तेवढ्यात भाऊंचा पी.ए. मंगेश आला आणि त्याने ते पाकीट तिच्या हातातून काढून घेतलं.

“बाकीच्या संगं एकदमच देऊ ताई. मोठा कार्यक्रम ठेवून राह्यलो.”

मोठ्या कार्यक्रमासाठी मोठा पाहुणा पाहिजे. मुंबईहून कुणीतरी येणार होते, त्यांची तारीख मिळेना. तोवर पुस्तकं भाऊंच्या जनसंपर्क कार्यालयाच्या मागच्या खोलीत, कुलपात! प्रज्ञाने फोन केले. भाऊ दौऱ्यावर. भाऊ मीटिंगमध्ये. भाऊ झोपलेत. एकदा ती तिथे जाऊन बसली, तर चहा पाजून परत पाठवली. महिना उलटला. मुली माझ्या दुकानात यायच्या आणि रिकाम्या कप्प्याकडे पाहून कालचा पेपर वाचत बसायच्या. माझ्या हुशारीची मला लाज वाटत होती, आणि भाऊंचा तर असा संताप येत होता की त्यांचा बॅनर दिसला की मी रस्ता बदलायचो.

मग एक दिवस मंगेशच दुकानात उगवला.

“काका, ते पुस्तकं वापस घेता काय? अर्ध्या भावात. पाहुण्याचं काही जमून नाही राह्यलं. आन् ते खोली पायजे, सोफा येऊन राह्यला.”

“ते पोरीईले द्या ना. एक जीप पाठवायची.”

“असं कसं देता? कार्यक्रम नाही, फोटो नाही. मंग भाऊनं देल्ले हे कोणाले समजन?”

मी म्हणालो, त्यावर नावं लिहिलेली आहेत, ती कोण घेईल?

“ते पान फाडून टाकू.”

मी त्याला फर्मा समजावून सांगितला. शिवलेलं पुस्तक सुट्या पानांचं नसतं. मोठा ताव दुमडून सोळा पानांची घडी करतात, तिला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवतात. पहिलं पान ओढलं की त्याच कागदाचं दुसरं टोक, म्हणजे पंधरा-सोळावं पान, सुटून हातात येतं. गणिताच्या पुस्तकात तिथे शेकडेवारी होती.

“कोण पाह्यते हो सोळावं पान?” मंगेश म्हणाला.

मी त्याला दुकानातून बाहेर काढलं. तो गेला आणि त्याने खरंच पानं फाडली. पुस्तकं खोक्यांत भरली, जालन्याकडचं एखादं गिऱ्हाईक शोधू म्हणून. फाडलेली पानं जाळून टाकायचं त्याला सुचलं नाही. जुन्या पेपरांसोबत त्याने ती रद्दीवाल्याला देऊन टाकली.

आमच्या बसस्टँडसमोर भज्यांची एक गाडी आहे. कोर्टात, तहसीलला, दवाखान्यात कामाला आलेला माणूस तिथे थांबतोच. दोनच दिवसांनी त्या गाडीवर बबनराव भजी खात होते. कागदावर पाहिलं तर शंकररावांचं नाव. बबनराव पोट धरून हसले. चार जणांना बोलावून त्यांनी तो कागद दाखवला. मग एकदम त्यांना स्वतःचं पुस्तक आठवलं आणि ते गाडीवाल्याला म्हणाले, “तो गठ्ठा दे इकडं.” गठ्ठा चाळताना त्यांचंही पान निघालं. अक्षर माझं, ‘माजी’ मोठं केलेलं.

ते तसेच तणतणत माझ्या दुकानात आले आणि पान काउंटरवर आपटलं.

“आमचं पुस्तक तुमी रद्दीत घातलं काय?”

“मी विकलं होतं. भाऊले तुमी देल्लं. आता भाऊलेच विचारा.”

संध्याकाळपर्यंत भाऊंच्या कार्यालयासमोर पंधरा-वीस माणसं जमली. इतकी माणसं भाऊंच्या मोर्चालाही जमत नाहीत. मीही मागे उभा होतो. मुलींना पुस्तकं मिळाली नाहीत, असं त्यातला एकही बोलला नाही. ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, “माह्या नावावर भजे खाऊन राह्यले लोकं!” पांढरा शर्ट सगळ्यात पुढे होता. भाऊ दारात आले, हात जोडले, कोणीतरी विरोधकाने हे केलं म्हणाले. मंगेश खाली मान घालून उभा होता.

प्रकरण मिटवायला दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंची जीप पुस्तकं घेऊन साखरखेर्ड्याला गेली. पाहुणा नाही, कार्यक्रम नाही. मी डिंकाची बाटली घेऊन जीपमध्ये बसलो. समाजमंदिरात मुलींनी खोकी फोडली. पहिलं पान कुठेच नव्हतं आणि सुटलेली पानं खोक्यांच्या तळाशी पडली होती. सगळ्या मिळून आम्ही ती चिकटवली. प्रज्ञा मात्र चिकटवायला थांबली नाही. एक सुटं पान उचलून ती भिंतीशी बसली आणि शेकडेवारी सोडवायला लागली. लेखीला आठवडाही उरला नव्हता.

निकाल लागला. दोघी लागल्या, वयाने लहान, डोक्याने तल्लख. प्रज्ञा दोन मार्कांनी राहिली. गणितात गेले.

ती दुकानात आली तेव्हा मी काहीतरी धीराचं बोलायला लागलो. तिने मला मध्येच थांबवलं. “महिनाभर आधी पुस्तकं भेटले असते तं निघालं असतं काका. मले माहीत आहे.” मलाही माहीत होतं.

भाऊंनी त्या दोघींच्या अभिनंदनाचा बॅनर लावला. मुलींचे फोटो सुपारीएवढे, भाऊंचा परातीएवढा. खाली लिहिलं होतं, ‘भाऊंच्या पुस्तकदानाचे यश’. प्रज्ञा अजून अभ्यासिका चालवते. पुस्तकं आता ती स्वतः निवडते आणि एसटीने स्वतः घेऊन जाते.

या धंद्यात मी एवढंच शिकलो. पुस्तक द्यायचं तर ज्याला वाचायचंय त्याच्या हातात द्यावं, मध्ये तिसरा हात नको. आता कुणी साहेबांना, भाऊंना, दादांना द्यायला पुस्तक मागायला आलं की मी त्याला शेजारच्या कापडाच्या दुकानात पाठवतो. म्हणतो, शाल घ्या. शाल वर्षभर कपाटात पडून राहिली तरी कुणाचं वय निघून जात नाही.