रॉकेल ओतलेलं हेड

२०१४ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि रॉकेलचा वास आला की अजून त्या वर्षीचा एक दिवस आठवतो. कात्रपचे एक साहेब, आनंदनगरच्या कारखान्यात मोठे ऑफिसर, आपल्या शर्यतीच्या गाडीसाठी इंजिनाच्या डोक्यावर बसतं ते नवं सिलेंडर हेड घेऊन माझ्या गॅरेजात आले. मोठे वॉल्व्ह, कडक स्प्रिंगा, सगळं परदेशी. "काका, डब्यातून काढा आणि बसवा." मी म्हणालो, "वॉल्व्ह नीट बसलेत का, ते आधी रॉकेल ओतून बघणार." साहेब हसले, "चौथी शिकलात आणि कंपनीचं काम तपासता?" माझं डोकं सणकलं. "वॉल्व्हमधून गळलं नाही तर गॅरेजचा बोर्ड उतरवतो!" खाली कागद पसरला, त्यावर हेड उलटं ठेवून रॉकेल ओतलं. बराच वेळ काहीच नाही. मग खालच्या कागदावर दोन थेंब पडले. दोन दिवस मी ते वॉल्व्ह जागेवर घट्ट बसेपर्यंत हातानं घासले, पुन्हा रॉकेल ओतलं, कागद कोरडा राहिला. मग हेड गाडीला बसवलं. बारवी धरणाच्या रस्त्याला चढावर साहेबांनी एकदाही गिअर खाली पाडला नाही. वर पोचून म्हणाले, "काका, मानलं बुवा!" आता तो बोर्ड उन्हानं फिका पडलाय, पण जागेवरच आहे. तेव्हा मात्र त्या चढावरून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः शिडी लावून त्याला लालभडक रंग दिला.